पाहुणे पेठनाक्यावर आहेत

“फाईल कुठाय तुमची?” मंगल कार्यालयाच्या दारातून आत येता येताच मी कौसल्याबाईंना विचारलं.

“दिली की. दारातच घेत्यात सगळ्यांच्या. लॅपटॉपसंगं परत मिळणाराय.”

“झेरॉक्स दिलीत ना?”

“न्हाय, मॅडम. त्येंनी वरिजनलच मागितली. मी म्हटलं झेरॉक्स हाय, तर म्हणालं, झेरॉक्सवाल्यांचं नाव मागं जातंय.”

मी मागं वळले, तोवर मोठं दार कुणीतरी ओढून घेतलं होतं आणि कोट घातलेला एक पोरगेला माणूस दाराला पाठ लावून उभा होता. ऐन उकाड्यात कोट. “बसून घ्या मॅडम,” तो म्हणाला, “पुण्याच्या पाहुण्यांनी इस्लामपूर सोडलंय. आता पोचतीलच.”

याला बरीच वर्षं झाली. तेव्हा मी तासगावात एका वाचनालयाची ग्रंथपाल होते. पुस्तकं देण्या-घेण्याबरोबर आणखी एक उद्योग मी आपणहून गळ्यात घेतला होता. शाळा संपवून पुढं शिकणाऱ्या पोरांना लॅपटॉप लागायचा आणि घरात तो घ्यायची ऐपत नसायची. मोठ्या कंपन्या आपले लॅपटॉप काही वर्षांनी बदलतात. पुण्यातली एक संस्था ते जुने लॅपटॉप दुरुस्त करून अशा पोरांना फुकट द्यायची. काही कॉलेजं वर्षभरासाठी वापरायलाही देतात. पण हे कुणी आपणहून सांगत नाही, शोधावं लागतं. मी शोधायचे, फोन करायचे, नाही म्हणणाऱ्यांच्या मागं लागायचे. माझा एकच नियम होता. खरी मदत करणाऱ्याचं झेरॉक्सवर भागतं. जो मूळ दाखले ठेवून घेतो, त्याच्या दारातून उलट्या पावली फिरायचं. हे मी कौसल्याबाईंना किती वेळा सांगितलं होतं म्हणून सांगू!

कौसल्या लोंढे बेदाण्याच्या शेडवर बेदाणे निवडायच्या. नवरा नव्हता. त्यांची तृप्ती वाचनालयात माझ्या टेबलासमोर बसून अभ्यास करायची, आणि कुणी कुजबुजलं तर माझ्याआधी तीच डोळे वटारायची. तिला सांगलीच्या कॉलेजात कॉम्प्युटरला नंबर लागला होता. घरातच नव्हे, त्यांच्या गल्लीत हे पहिल्यांदा घडत होतं. मूळ दाखले घेऊन तिला कॉलेजात हजर व्हायचं होतं त्याच दिवशी, संध्याकाळी पाचच्या आत. नाही गेली तर जागा पुढच्याला.

पुण्याचा लॅपटॉप यायला अजून महिनाभर लागणार होता. मी थांबा म्हणत होते. तेवढ्यात कौसल्याबाईंना फोन आला, की गुणवंत गरजू मुलांना मोफत नवे लॅपटॉप, अकरा वाजता कार्यक्रम, बारापर्यंत मोकळे. फोन करणाऱ्या प्रतिष्ठानाचं नाव मोठं चकचकीत होतं, आता आठवतही नाही. “तुमीच येऊन बघा, खरं का खोटं,” त्या मला म्हणाल्या होत्या. “खरं असंल तर घिऊ आन तसंच सांगलीला जाऊ.” वाचनालय शिपायाच्या हवाली करून निघेपर्यंत मला उशीर झाला. मी पोचले तेव्हा फाईल गेलेली होती.

स्टेजच्या बाजूला एक लांब टेबल होतं. त्यावर सगळ्यांच्या फायली रचल्या होत्या. तृप्तीची फाईल मी लांबूनही ओळखली. तिला आईनं बेदाण्याच्या बॉक्सचा चॉकलेटी कागद कव्हर म्हणून घातला होता.

मी सरळ टेबलाकडं गेले. संयोजक तिथंच उभे होते. केस चापून बसवलेले, छातीवर रेशमी फुलाचा बिल्ला.

“आमची फाईल परत हवी. मुलीला सांगलीला जायचंय.”

“जाणारच की, मॅडम! आम्हीच पोचवू,” ते तोंडभर हसून म्हणाले. “पण आता फायली क्रमानं लावल्यात. एक काढली तर सगळा क्रम बिघडतो. आपण शिक्षणक्षेत्रातल्या दिसता. शिस्तीचं महत्त्व आपल्याला मी काय सांगावं?”

शिस्त म्हटलं की माझी बोलती बंद होते. अर्धं आयुष्य मी लोकांना तेच सांगत आले. मी परत येऊन बसले आणि स्वतःवरच चिडले.

मग त्यांनी काही नावं पुकारली. त्यात तृप्तीचं होतं. तिच्या हातात खोका दिला, फोटो काढले, आणि खोका मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसायला सांगितलं. मला वाटलं, खोका रिकामा असणार. मी तृप्तीला तो उघडायला लावला. आत लॅपटॉप होता, खरा, कोरा करकरीत, पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. तृप्तीनं वरून नुसतं बोट फिरवलं. कौसल्याबाईंनी पदरानं डोळे टिपले आणि माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की बघा, उगाच संशय घेत होता. खरं सांगायचं तर तेव्हा मीही जरा ओशाळले.

“पाहुण्यांच्या हस्ते औपचारिक वाटप झालं की फाईल आणि लॅपटॉप दोन्ही घेऊन घरी!” सूत्रसंचालन करणारी मुलगी माईकवर म्हणाली. टाळ्या पडल्या.

बारा वाजून गेले. देशभक्तीची गाणी लागली, तीच ती. संयोजकांचं भाषण झालं. ते त्यांच्या स्वतःच्या कॉलेजाबद्दल बोलत होते. कुठल्या तरी लांबच्या जिल्ह्यात माळावर काढलेलं, वसतिगृहासकट. “आणि काही कारणानं कुणाचा दुसरीकडचा प्रवेश हुकला,” ते मोठ्या मायेनं म्हणाले, “तर घाबरायचं नाही. जागा तुमचीच आहे, लॅपटॉपही तुमचाच.” पुन्हा टाळ्या. मग शिरा आणि बटाटेवडे आले. खाऊन पोरं पेंगायला लागली.

मी दारातल्या कोटवाल्याला विचारलं, “पाहुणे कुठवर आले?”

“पेठनाक्यावर आहेत. चहा घेताहेत.”

मी जागेवर येऊन बसले आणि विचार करत राहिले. पुण्याकडून येणारा माणूस आधी हायवेवरचा पेठनाका गाठतो, मग इस्लामपूर, मग तासगाव. मघाशी इस्लामपूर सोडलेले पाहुणे उलटे पेठनाक्याला कशाला जातील?

शेजारी दिनकर पाटोळे बसले होते. ते टेम्पो चालवायचे, वाचनालयाची कपाटंही एकदा त्यांनीच आणून दिली होती. त्यांच्या अनुजाला खोका मिळाला होता, पण तो तिच्याकडून घेऊन त्यांनी स्वतःच्या मांडीवर ठेवला होता, दोन्ही हातांनी धरून.

“अनुजा कुठं जाणार पुढं?” मी विचारलं.

“कराडला लागलाय नंबर. कॉम्प्युटरच.”

“कधी हजर व्हायचंय?”

“आजच की. पाचपतोर.”

मी मागच्या रांगेतल्या बाईंना विचारलं. मिरज. आजच. त्यांच्या पलीकडच्या गृहस्थांना विचारलं. कोल्हापूर. आजच. एक मुलगी तर रडकुंडीला आली होती, कारण पाचच्या आत पोचवणारी तिची शेवटची एसटी निघून गेली होती. वाचनालयात येणारी कितीतरी गरीब पोरं मला माहीत होती. त्यांना कुणालाही हा फोन गेला नव्हता. ज्यांना आज कुठंतरी पोचायचं होतं, नेमकी तीच इथं आणून बसवली होती.

पाहुण्यांना उशीर झालेलाच नव्हता. कार्यक्रम पाचपर्यंत असाच चालायचा होता. पाच वाजले की सगळ्यांच्या जागा जाणार, दाखले टेबलावर, आणि मग पोरांना संयोजकांच्या त्या माळावरच्या कॉलेजाशिवाय वाट नाही; तिथल्या रिकाम्या जागा आपोआप भरणार. भीतीही वाटली आणि संतापही आला, आणि दोन्हीचं काय करायचं ते कळेना.

मी कौसल्याबाईंच्या कानात सगळं सांगितलं. त्या ताडकन उठल्या आणि कोटवाल्यापाशी गेल्या.

“दार उघड.”

“मावशी, शिस्त पाळा. सगळे बसलेत ना?”

“माझ्या पोरीची फाईल दे आन दार उघड!”

लोक वळून बघायला लागले. पण कसे! जणू लग्नात कुणी मानपानावरून रुसलंय. “आवो बसा की,” पाटोळे दबक्या आवाजात म्हणाले. “तुमच्यापायी समद्यांची नावं काटतील. एवढं देत्यात फुकाट, जरा कळ काढा.” मागून कुणीतरी म्हणालं, “ह्यांनाच लय घाई.” कौसल्याबाईंचं तोंड एवढंसं झालं. त्या परत येऊन बसल्या.

पोलिसांना फोन करावा, असं माझ्या मनात आलं. पण सांगणार काय? कार्यक्रम लांबलाय म्हणून? शिरा खाऊ घातलाय आणि लॅपटॉप मांडीवर दिलाय म्हणून? आम्हाला कुणी बांधून घातलं नव्हतं. भलेपणानं बसवलं होतं, आणि तिथून उठणारा कृतघ्न ठरत होता. मी आजवर इतकी अडकलेली कधी नव्हते.

पाणी प्यायच्या निमित्तानं मी स्वयंपाकघराकडं गेले. तिथल्या बाकावर आप्पा बसले होते, कार्यालयाचे मॅनेजर. रोज सकाळी वाचनालयात येऊन पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारे आणि मध्येच कोडं सोडवून पुढच्याची पंचाईत करणारे.

“आप्पा, मागचं दार उघडा. आम्हाला जायचंय.”

“त्या कोटवाल्या पोरांनी बाहेरनं कडी घातलीया. पाहुण्यांच्या बंदोबस्तासाठी म्हणं,” ते वैतागून म्हणाले. “माझा जीव टांगणीला लागलाय, मॅडम. संध्याकाळी साखरपुडा हाय हितं. फुलवाल्याचा टेम्पो दारात येऊन थांबलाय. ह्यांचं संपंना.”

“मग संपवा की तुम्ही!”

“मी कसा संपवू? राष्ट्रगीत व्हायच्या आत मी कुणाचा कार्यक्रम मोडलेला न्हाय. एकदा राष्ट्रगीत झालं की मग मंत्री असू दे न्हायतर संत्री, मी दार उघडतो आन खुर्च्या गोळा करतो. मोठ्या दाराची किल्ली माझ्याकडंच असती.”

पाण्याचा ग्लास माझ्या हातात तसाच राहिला. “आप्पा,” मी म्हटलं, “किल्ली घेऊन दारापाशी जाऊन बसा.”

परत येऊन मी कौसल्याबाईंना फायलींच्या टेबलाजवळ उभं राहायला सांगितलं. तृप्तीला विचारलं, “शाळेत परिपाठ कोण घ्यायचं?”

“मीच. तीन वर्षं,” ती गोंधळून म्हणाली.

“चल मग.”

सूत्रसंचालन करणारी मुलगी वडा खायला गेली होती. संयोजक कोपऱ्यात फोनवर बोलत होते. माईक मोकळा होता. मी जन्मात माईकला हात लावलेला नव्हता. ‘शांतता राखा’ या पाटीखाली बसून पगार घेणारी बाई मी, माझा आवाज कपाटाच्या पलीकडं जात नसे. पण समोर तो चॉकलेटी कागद दिसत होता.

“आता आभारप्रदर्शन,” मी म्हटलं. माझा आवाज हॉलभर घुमला आणि मीच दचकले. “कार्यक्रमाचे संयोजक... मंगल कार्यालयाचे मॅनेजर आप्पा... शिरा करणारे आचारी... या सर्वांचे आपण मनःपूर्वक आभार मानतो. आणि पेठनाक्यावर चहा घेत असलेल्या पाहुण्यांचेही.”

संयोजकांनी कानाचा फोन खाली घेतला. ते माझ्याकडं यायला निघाले. तोवर मी तृप्तीला पुढं ढकललं होतं.

खोका बगलेत धरून तृप्ती ताठ उभी राहिली आणि शाळेच्या मैदानात द्यावी तशी खणखणीत ऑर्डर दिली, “सावधान! एक साथ राष्ट्रगीत शुरू करेंगे, शुरू कर!”

हॉलमधली सगळी पोरं खाडकन उठली. काल-परवापर्यंत रोज सकाळी हीच ऑर्डर ऐकलेली पोरं ती. त्यांचे पाय विचार करत बसले नाहीत. पोरं उठली तसे आईबाप उठले. शिऱ्याच्या ताटल्या खाली ठेवल्या गेल्या. आणि माझ्यापासून चार पावलांवर आलेले संयोजक जागच्या जागी थांबले, कारण सगळा हॉल गात होता आणि सगळे त्यांच्याकडंच बघत होते. हात अंगाला चिकटवून ते उभे राहिले. तोंडानं गात होते आणि डोळ्यांनी मला खात होते. मीही त्यांच्याकडं बघत गात होते. इतक्या मनापासून राष्ट्रगीत मी त्याआधी कधी म्हटलं नव्हतं.

शेवटचं ‘जय हे’ झालं आणि आप्पांनी दार सताड उघडलं. लख्ख ऊन आत आलं. त्यांची माणसं आत शिरून मागच्या रांगेच्या खुर्च्या एकात एक घालायला लागली. कोटवाला “अहो थांबा, अजून पाहुणे...” म्हणत होता, पण आप्पांनी त्याला “झालं राष्ट्रगीत, चला चला,” म्हणून बाजूला केलं. माईक अजून चालू होता. मी ओरडून सांगितलं, “ज्यांना पाचच्या आत कॉलेजात पोचायचंय त्यांनी आपापली फाईल उचला! आत्ता!” झुंबड उडाली. कौसल्याबाईंनी आमची फाईल केव्हाच छातीशी धरली होती.

“लॅपटॉप राहू दे हं,” संयोजक तृप्तीला म्हणाले. आवाजातला गोडवा आता संपला होता. “फाईल पाहिजे असेल तर खोका खाली ठेव. आणि लॅपटॉप पाहिजे असेल तर फाईल ठेव.”

तृप्तीनं आईकडं पाहिलं. मग खोका खुर्चीवर ठेवला, सरळ केला, आणि मागं न बघता दाराकडं चालायला लागली.

पाटोळे मात्र निघालेच नव्हते. राष्ट्रगीत संपताच ते पुन्हा खाली बसले होते, खोका मांडीवर.

“चला की!” मी म्हटलं. “कराड गाठायचंय ना? टेम्पो आहे तुमचा.”

“बाबा,” अनुजा म्हणाली, “उठू या.”

“बस गं,” ते म्हणाले. मग माझ्याकडं बघून अजिजीनं म्हणाले, “तुमचं खरं असंल, मॅडम. पण ह्यो हातात हाय. हातातलं कसं सोडू?”

मी त्यांच्या दंडाला धरलं. त्यांनी मान खाली घातली. आणखीही काही घरं तशीच बसून राहिली, खोके धरून. मला थांबायला वेळ नव्हता. बाहेर फुलवाला टेम्पो रिकामा करून सांगलीला परत निघाला होता, त्यात आम्ही तिघी चढलो.

टेम्पोत झेंडूच्या पाकळ्यांचा चिखल होता. कवठेएकंद गाव मागं पडलं. तृप्ती एकदम आईच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागली. “नवा होता गं आई,” ती म्हणत होती, “माझ्या हातात होता.” कौसल्याबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मलाही रडू आलं. आम्ही पोचलो तेव्हा कॉलेजातला क्लार्क खिडकी ओढून घेत होता. कौसल्याबाईंनी फटीत हात घातला.

महिन्यानं पुण्याचा लॅपटॉप आला. जुना, जड, पाठीवर कंपनीचं अर्धवट खरवडलेलं स्टिकर, आणि एक बटण, दाबलं की वर यायला वेळ लावणारं. तृप्तीनं त्यावर सगळं शिक्षण पुरं केलं. ती नोकरीला लागली, आणि आता तिच्या ऑफिसातले जुने लॅपटॉप तीच मागं लागून आमच्याकडं पाठवते. वाचनालयात नवीन कुणी आलं की मी आधी विचारते, झेरॉक्स आणलीस का?

त्या कार्यक्रमानंतर तिसऱ्या वर्षी एका दुपारी एक मुलगी माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. मी सवयीनं विचारलं, “झेरॉक्स आणलीस का?”

“मला लॅपटॉप नकोय, मॅडम,” ती म्हणाली. “द्यायचाय.”

तिनं पिशवीतून खोका काढून टेबलावर ठेवला. कोपरे झिजले होते, पण आतलं पातळ प्लास्टिक तसंच होतं. तेव्हा मी तिला ओळखलं. अनुजा पाटोळे. ते माळावरचं कॉलेज पहिल्याच वर्षी बंद पडलं होतं. दाखले मागायला गेलं की आज साहेब नाहीत, उद्या या, लॅपटॉप जमा करा मग बघू. लॅपटॉप जमा करायला गेले तर दाराला कुलूप. दाखल्यांशिवाय दुसरीकडं नाव घालता येईना. ती आता आईबरोबर बेदाणे निवडायला जात होती.

“हा कुणालातरी द्या,” ती म्हणाली. “मला फक्त माझा शाळेचा दाखला मिळवून द्या.”

शाळेतून दाखल्याची दुसरी प्रत काढता येते. वेळ लागतो, खेटे घालावे लागतात, पण मिळते. मी तिला तसं सांगितलं आणि वाचनालयाच्या किल्ल्या शिपायाकडं दिल्या. आम्ही तशाच तिच्या शाळेकडं निघालो.

वाटेत राहवलं नाही. “अनुजा,” मी विचारलं, “त्या दिवशी पाहुणे आले का गं शेवटी?”

“न्हाय, मॅडम. साखरपुड्याची माणसं आली तसं आम्हाला वरच्या खोलीत नेऊन बसवलं. पाच वाजले आन ते संयोजक सर स्वतः वर आले. दार उघडं टाकलं आन म्हणाले, आता कुणाला जायचं असंल तर खुशाल जावा.”